पाच गोळ्या आणि एक रिकामे घर



‘पहिल्या रिव्हॉल्वरची निवड’ हा विषय पत्रिकेवर छापलेला पाहून आमच्या काही स्नेह्यांनी नाके मुरडली. युनियनचे काम करण्यात ज्याची उमर गेली, त्याने वसंतातल्या संध्याकाळी उठून शस्त्रांच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असा त्यांचा सवाल होता. सवाल गैर नाही. पण मी शाळा लवकर सोडलेला माणूस. इंग्रजी शिकलो ते यंत्रांच्या माहितीपुस्तकांवरून, आणि इतिहास शिकलो तो वाचनालयाच्या कपाटांतून, हाताला लागेल तसा. त्या वाचनात या एका वस्तूपाशी मी वारंवार थबकलो. कारखान्यात ज्या प्रश्नावर आमची मालकांशी रोज हुज्जत चालते, तोच प्रश्न या वस्तूच्या पोटात बसलेला मला दिसला. यंत्राने दगा दिला तर दोष कुणाचा? हाताळणाऱ्याचा, की घडवणाऱ्याचा?

अमेरिकेत आजही पुष्कळ माणसे पहिले रिव्हॉल्वर घ्यायला दुकानाची पायरी चढतात, तेव्हा नव्या धर्तीची पिस्तुले बाजूला सारून दीडशे वर्षांपूर्वीच्या घडणीचे, घोडा अंगठ्याने चढवावा लागणारे ‘सिंगल अ‍ॅक्शन’ रिव्हॉल्वर मागतात. कुणाला जुन्या थाटाच्या नेमबाजीच्या सामन्यांत उतरायचे असते, कुणाला रानावनात हिंडताना किंवा शिकारीला जाताना कमरेला काहीतरी असावेसे वाटते. दुकानदार गिऱ्हाइकाशी गोळीच्या आकाराबद्दल बोलतो, नळीच्या लांबीबद्दल बोलतो, मुठीच्या लाकडाबद्दल तर फारच बोलतो. पण खरा विचारण्याजोगा प्रश्न निराळाच आहे. या रिव्हॉल्वरच्या सहा घरांत सहा काडतुसे घालून ते निर्धास्तपणे कमरेला लावता येते, की पाचच घालून सहावे घर रिकामे सोडावे लागते? या साध्या प्रश्नामागे शंभर वर्षांची कथा आहे, आणि तीच आज मला सांगायची आहे.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वसामान्य माणसापुढे उभाच राहत नाही. लॉर्ड लिटनच्या अमदानीत, १८७८ च्या कायद्याने इथल्या माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याखाली आले, आणि स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेही परवाना कायम ठेवला. तेव्हा पुढचे सारे परमुलखातले म्हणूनच ऐकावे.

आधी वस्तू समजून घेऊ. रिव्हॉल्वर म्हणजे फिरणारे. नळी एकच, पण तिच्या मागे पोलादाचा एक जाडजूड लंबगोल तुकडा, त्याला आपण चक्र म्हणू. चक्राला बहुधा सहा भोके, ती काडतुसांची घरे. घोडा अंगठ्याने मागे ओढला की चक्र एक घर सरकते आणि नेमके नळीच्या तोंडाशी येऊन अडकते. मग चाप ओढला की घोडा सुटतो आणि काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आदळतो. चापाला घोडा सोडण्याचे एकच काम, म्हणून हे सिंगल अ‍ॅक्शन. चाप ओढण्यानेच घोडा उठावा आणि पडावा अशी दुसरी तऱ्हा लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८५१ च्या सुमारास बाजारात आणली. तिच्यात घाई साधते, पण चाप जड लागतो आणि हात हलतो. पहिल्या तऱ्हेत प्रत्येक गोळीमागे अंगठ्याला एक स्वतंत्र काम करावे लागते. चाप मात्र हलका आणि स्वच्छ सुटतो. नवशिक्या नेमबाजाला ही सावकाश चाल मानवते, आणि म्हणूनच जाणती माणसे त्याला ही तऱ्हा सुचवतात. आत भागही मोजकेच. एखाद्या चांगल्या फिटरने दुपारभरात समजून घ्यावे इतके.

या वस्तूचा जनक म्हणून सॅम्युएल कोल्ट याचे नाव घेतात. हा १८१४ मध्ये कनेक्टिकट संस्थानातल्या हार्टफर्ड गावी जन्मला. सोळाव्या वर्षी, १८३० मध्ये, तो बॉस्टनहून ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज निघाले होते कलकत्त्याला. त्या प्रवासात फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना त्याने कोरला. सुकाणूचे चाक फिरताना आणि अडकताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. जाहिरातीच्या कामी त्याने पुढे जी हुशारी दाखवली ती पाहता आख्यायिकेवर फार भरवसा ठेवू नये. फिरत्या चक्राची बंदूक एलिशा कोलियर या अमेरिकनाने १८१८ मध्येच लंडनला पेटंट केली होती. घोडा चढवताच चक्र आपोआप फिरावे आणि घट्ट अडकावे, ही जोडणी मात्र कोल्टची. १८३५ मध्ये इंग्लंडात आणि १८३६ मध्ये अमेरिकेत त्याने तिचे पेटंट घेतले, न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावी कारखाना काढला, आणि १८४२ मध्ये तो बुडवून दाखवला. मेक्सिकोशी युद्ध जुंपले तेव्हा कॅप्टन वॉकर या सैनिकाच्या आग्रहाने सरकारने १८४७ मध्ये हजार रिव्हॉल्वरे मागवली. त्या वेळी कोल्टपाशी स्वतःचा कारखानाही नव्हता. माल दुसऱ्याच्या कारखान्यात करून घ्यावा लागला. एकेक नग दोन किलोंचा. कमरेला लावण्याचे नव्हे, घोड्याच्या खोगिराला टांगण्याचे ते हत्यार.

त्यानंतर मात्र भाग्य उघडले. १८५५ मध्ये हार्टफर्डला कनेक्टिकट नदीच्या काठी, बांध घालून मिळवलेल्या जमिनीवर त्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला. माथ्यावर निळा घुमट, घुमटावर घोड्याचे शिंगरू, कारण इंग्रजीत कोल्ट म्हणजे शिंगरू. आत एलिशा रूट या यंत्रकाराने बसवलेली यंत्रे. पुढे ज्यांच्या नावाची यंत्रे आणि विमानांची इंजिने जगभर गेली ते प्रॅट आणि व्हिटनी हे दोघेही याच कारखान्यात काम केलेले. या कारखान्याची एक रीत आपल्या लोकांना लगेच ओळखू येईल. कंपनी जागा, यंत्रे आणि कच्चा माल देई. एकेका भागाचे काम मात्र आतल्याच एखाद्या ठेकेदाराला ठरावीक दराने लावून दिलेले असे. माणसे तो नेमी, मजुरी तो ठरवी, उरलेला नफा त्याचा. मुंबईच्या गिरण्यांतला जॉबर आठवावा. दोन्ही रीती तंतोतंत सारख्या नव्हेत, पण कामगार आणि मालक यांच्या मध्ये तिसरा माणूस उभा करून हात झटकण्याची युक्ती एकच.

कोणताही भाग कोणत्याही रिव्हॉल्वरला बसतो, अशी कोल्टची प्रौढी होती. अभ्यासकांनी पुढे तपासले तेव्हा त्यातला बराच भाग जाहिरातीचा निघाला. यंत्रावरून उतरलेले भाग शेवटी कुशल फिटर कानशीने घासून एकमेकांशी जुळवत असत, आणि जुळवलेल्या भागांची ताटातूट होऊ नये म्हणून त्यांवर एकच क्रमांक ठोकत. म्हणजे यंत्राची कीर्ती कानशीवर चालली होती. कानस हातात धरलेल्या कुणालाही हे ऐकून नवल वाटणार नाही.

कोल्ट १८६२ मध्ये वारला. तोवरची त्याची रिव्हॉल्वरे दारू आणि शिशाची गोळी समोरून भरण्याची होती. घराच्या मागच्या बाजूला वेगळी टोपी चढवावी लागे. या जुन्या नमुन्यांतली एक गोष्ट पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवावी. चक्राच्या मागच्या अंगाला, दोन घरांच्या मधोमध, बारीक खुंट्या ठेवलेल्या असत, आणि घोड्याच्या तोंडाला त्यांवर बसणारी खाच असे. घोडा त्या खुंटीवर टेकवला की तो कोणत्याच टोपीवर नसे. सहाही घरे भरून हत्यार बाळगण्याची सोय कारखान्यानेच करून दिली होती. खुंटी झिजे, हे खरे. तरी सोय होती.

मग पितळी काडतूस आले. गोळी, दारू आणि टोपी एकाच डबीत. ती मागून भरायची तर चक्राची भोके आरपार हवीत, आणि आरपार भोकांचे पेटंट १८५५ पासून रोलिन व्हाइट याच्या हाती होते. हा कोल्टच्याच कारखान्यात काम केलेला कारागीर. त्याने ते हक्क स्मिथ अँड वेसन कंपनीला दर नगामागे पंचवीस सेंटच्या बोलीवर दिले. पण पेटंट मोडणाऱ्यांशी कोर्टात भांडण्याचा खर्च मात्र त्याने स्वतः करायचा, असे त्या करारात होते. मिळालेल्या पैशाला वकिलांच्या वाटा फुटल्या. करारावर सही करण्यापूर्वी शेवटचे कलम वाचावे हे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो, त्यात हे उदाहरण घालण्यासारखे आहे.

पेटंटची मुदत १८६९ मध्ये संपली आणि हार्टफर्डची वाट मोकळी झाली. विल्यम मेसन या कारागिराच्या घडणीचे नवे रिव्हॉल्वर अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये पसंत केले. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्याच्या आधी दोन वर्षे. हेच ते ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’, लोकांच्या तोंडी ‘पीसमेकर’, म्हणजे शांतिदूत! ४५ कॅलिबरची गोळी, साडेसात इंचांची नळी. पुढे साडेपाच आणि पावणेपाच इंचांच्या आखूड नळ्याही निघाल्या. १८७३ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत अशी साडेतीन लाखांवर रिव्हॉल्वरे हार्टफर्डहून बाहेर पडली. मुठीचा बाक असा साधला होता की हत्यार हातात आपोआप बसते. आजही पहिल्यांदा हातात घेणारा गिऱ्हाईक बहुधा त्या मुठीवरच भाळतो.

पण या नव्या नमुन्यात एक उणे शिरले. टोपीवर आघात करणारी अणकुचीदार चोच घोड्यालाच जडवलेली होती. घोडा पूर्ण खाली असला की ही चोच थेट काडतुसाच्या टोपीला टेकून बसे. रिव्हॉल्वर हातातून निसटून घोड्यावर पडले, किंवा खोगिराची कडी घोड्यावर आपटली, तरी टोपी फुटून गोळी सुटायची. घोडा किंचित वर उचलून धरणारी एक खाच आत होती, तिला सुरक्षेची खाच म्हणत. पण तिची धार पातळ. जोराचा फटका बसला की ती मोडे, किंवा चापाचे टोक मोडे. जुन्या नमुन्यातली खुंटी गेली होती आणि तिच्या जागी तितके विश्वासाचे काही आले नव्हते. वस्तू सुधारली आणि तिला बाळगणारा अधिक धोक्यात आला, असा हा प्रकार.

याचा अनुभव कुणा अडाण्यालाच आला असे समजू नये. वायट अर्प हे नाव अमेरिकी चित्रपट पाहणाऱ्यांना ठाऊक असेल. हा त्या काळचा नावाजलेला पोलीस अंमलदार. १८७६ च्या जानेवारीत कॅन्सस संस्थानातल्या विचिटा गावी तो मित्रांसोबत एका दारूगुत्त्याच्या मागच्या खोलीत बसला होता. कमरेचे रिव्हॉल्वर घसरून खुर्चीवर घोड्याच्या बाजूने आपटले आणि उडाले. गोळी त्याच्या कोटातून आरपार जाऊन छताला लागली. गावच्या वर्तमानपत्राने ही बातमी छापली. ज्याच्या हुशारीची पुढे गाणी झाली त्याचाच कोट फाटला.

मग लोकांनी आपली सोय आपणच काढली. सहा घरांत पाचच काडतुसे घालायची, आणि घोडा रिकाम्या घरावर उतरवून ठेवायचा. ते नेमके साधावे म्हणून भरण्याचा एक क्रम ठरला: एक भरा, एक सोडा, चार भरा, मग घोडा पूर्ण चढवून सांभाळून खाली घ्या. बापाने मुलाला शिकवावा असा हा नियम झाला. सहा गोळ्यांचे म्हणून विकलेले हत्यार शंभर वर्षे पाच गोळ्यांचे म्हणून वापरले गेले, आणि या सहाव्या घराचा हिशेब कारखान्याला कुणी मागितला नाही.

या उण्यावर उपाय कुणाला माहीत नव्हता, असे म्हणावे तर तेही खरे नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या आयव्हर जॉन्सन कंपनीने १८९० च्या दशकातच आपल्या स्वस्त, खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्वरांत तो आणला होता. त्यांनी चोच घोड्यापासून काढून सांगाड्यात बसवली. घोड्याच्या तोंडाची घडण अशी केली की तो खाली पडला तरी चोचीपर्यंत पोहोचतच नाही. दोहोंच्या मध्ये एक पोलादी पट्टी. चाप मागे ओढून धरला असेल तेव्हाच ती पट्टी वर येते. घोडा पट्टीवर, पट्टी चोचीवर, चोच टोपीवर. चापावर बोट नसेल तर पट्टी खाली, आणि मग त्या घोड्यावर हातोडी मारली तरी गोळी सुटत नाही. कंपनीच्या जाहिरातीत घोड्यावर खरोखरच हातोडी मारताना दाखवलेली असे. खुद्द कोल्ट कंपनीनेही १९०५ पासून आपल्या डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरांत निराळ्या तऱ्हेचा एक सुरक्षेचा अडसर बसवायला सुरुवात केली. एकाच कंपनीच्या एका मालात अडसर आहे आणि दुसऱ्या, अधिक नावाजलेल्या मालात नाही! विद्या घरात होती, ती या घडणीला लावली गेली नाही. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, त्याला जुनेच रूप हवे आहे, पाचची सवय त्याला आहेच, मग साचे कशाला बदला, असा हिशेब यामागे असला पाहिजे, असे माझे मत आहे.

हा हिशेब मला अपरिचित नाही. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत पत्रा कापणारे आणि वाकवणारे प्रेस असतात. प्रेस खाली येताना बोटे आत राहिली तर गेलीच. यावरचा उपाय जुना आहे. दोन बटणे एकमेकांपासून दूर बसवायची. दोन्ही हात दोन्ही बटणांवर असतील तेव्हाच प्रेस उतरेल. हात बटणावर आहेत म्हणजे साच्यात नाहीत. आमच्या भागातल्या एका कारखान्यात एक बटण पट्टीने कायमचे दाबून ठेवलेले मी स्वतः पाहिले आहे, कारण एका हाताने माल झटपट निघतो. बोटे गेलेल्या पोराच्या कागदावर कारण लिहिले होते, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने धोक्याच्या भागांना कुंपण घालण्याची जबाबदारी यंत्र चालवणाऱ्यावर टाकली नव्हती, कारखान्यावर टाकली होती. इंग्लंडात हे तत्त्व १८४४ च्या कायद्यात आले, आणि ज्या १८५५ मध्ये हार्टफर्डचा घुमट उभा राहिला त्याच वर्षी इंग्लंडातल्या गिरणीमालकांनी या कुंपणाविरुद्ध लढण्यासाठी आपला संघ काढला. त्यांचेही म्हणणे हेच होते की माणसाने जपून वागावे. जपून वागावेच. पण चौदाव्या तासाला, झोपेने डोळे मिटत असताना, जपणूक कुठे असते? थंडीने बोटे बधिर झालेल्या शिकाऱ्याची जपणूक तरी कुठे असते?

पुन्हा रिव्हॉल्वरकडे वळू. सैन्याने १८९२ मध्ये हे हत्यार सोडून डबल अ‍ॅक्शन घेतले. कोल्टने १८९४ मध्ये इंग्लंडातल्या बिस्लीच्या सामन्यांसाठी मूठ आणि घोडा बदलून एक खास नमुना काढला. या घडणीचा खेळाशी संबंध तेव्हापासून पक्का झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उत्पादन थांबले आणि जुने रिव्हॉल्वर आता इतिहासजमा झाले असे वाटले. पण चित्रपटांनी आणि नंतर टेलिव्हिजनने त्याला पुन्हा जिवंत केले. कनेक्टिकटमध्येच १९४९ मध्ये निघालेल्या स्टर्म, रूगर कंपनीने हे हेरले. विल्यम रूगरने १९५३ मध्ये .२२ च्या लहान गोळीचे, आणि १९५५ मध्ये .३५७ चे ‘ब्लॅकहॉक’ बाजारात आणले. जुन्या पट्टीच्या कमानी वारंवार तुटत, त्या काढून त्याने तारेच्या गुंडाळीच्या स्प्रिंगा घातल्या. वरखाली करता येणारे निशाण बसवले. सांगाडा अधिक मजबूत केला. कोल्टनेही १९५६ च्या सुमारास जुना माल पुन्हा काढायला घेतला. रूगर हा कारागिरांत गणला जावा असा माणूस, यात शंका नाही. पण एवढे सारे सुधारताना त्याने घोड्याखालचे घर मात्र तसेच ठेवले. चोच सांगाड्यात नेली, तरी घोडा तिच्यावर टेकलेलाच राहिला. पाचचा नियम चालूच.

फरक पडला तो गिऱ्हाइकात. नवे गिऱ्हाईक शहरातले. त्याला नियम शिकवायला बाप नव्हता. दुकानातून सहा गोळ्यांचे हत्यार आणले, सहा भरल्या, तंबूत पडले, मोटारीतून घसरले. माणसे पायाला आणि पोटाला गोळ्या लागून पांगळी झाली, काही मेली, आणि प्रकरणे न्यायालयात गेली.

न्यायालयातच का, हे समजून घेतले पाहिजे. अमेरिकेने १९७२ मध्ये कायदा करून घरगुती वस्तूंच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणारा एक आयोग नेमला. खेळणी, शिड्या, इस्त्र्या त्याच्या कक्षेत आल्या. बंदुका आणि पिस्तुले कायद्यानेच वगळली. त्याआधी १९६८ च्या कायद्याखाली परदेशातून येणाऱ्या रिव्हॉल्वरांना मात्र घोड्यावर पडण्याची कसोटी लावली गेली होती. त्यामुळे इटलीतल्या ब्रेशिया भागातले कारखाने कोल्टच्या नकला करून अमेरिकेत धाडत, तेव्हा त्यांत घोडा अडवण्याची काहीतरी सोय करावी लागे; देशी मालाला ती कसोटी नव्हती. परक्याला नियम, घरच्याला सूट. तेव्हा जखमी माणसाला निरीक्षकाचे दार नव्हते, एकट्याने वकील गाठून कंपनीवर दावा लावणे एवढाच मार्ग होता. अलास्का संस्थानातल्या एका जखमी माणसाच्या दाव्यात पंचांनी नुकसानभरपाईच्या वर दंड म्हणून अठ्ठावीस लाख डॉलरांहून मोठी रक्कम कंपनीवर बसवली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ही रक्कम अवाजवी ठरवली. पण सदोष घडणीच्या दाव्यात असा दंड बसू शकतो, हे तत्त्व उचलून धरले.

तोवर कंपनीने पाऊल उचलले होते. १९७३ मध्ये, कोल्टच्या नमुन्याला बरोबर शंभर वर्षे झाली असताना, रूगरने आपल्या सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरांची घडण बदलली. तीच पोलादी पट्टी. भरण्यासाठी आता घोडा अर्धा चढवावा लागत नाही. बाजूचे झडप उघडले की चक्र मोकळे होते आणि घोडा खालीच राहतो. सहा घरांत सहा काडतुसे. १९८२ मध्ये कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. १९७३ पूर्वीचे कोणतेही रिव्हॉल्वर कारखान्याकडे पाठवा, आम्ही नवी यंत्रणा फुकट बसवून परत करू, असे तिने जाहीर केले. विकून झालेल्या मालाची जबाबदारी घेणे ही लहान गोष्ट नव्हे. कोर्टाच्या धाकाने घेतली म्हणून तिचे मोल मी कमी मानत नाही. कुंपणे बहुधा धाकानेच बसतात.

येथे हार्टफर्डच्या कामगारांविषयी चार शब्द सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही. २४ जानेवारी १९८६ रोजी कोल्टच्या कामगारांनी ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’ या युनियनच्या झेंड्याखाली संप पुकारला. कंपनीने बदली माणसे भरली. मुंबईचा १९८२ चा गिरणी संप ज्यांना आठवतो त्यांना पुढचे सांगायला नको. पण तिथे एक वेगळे घडले. संप चार वर्षे रेटला गेला. मधल्या काळात, १९८८ मध्ये, सैन्याच्या रायफलींचे मोठे काम कंपनीच्या हातून गेले. १९८९ मध्ये श्रमविषयक न्यायाधीशाने दोष कंपनीवर ठेवला, आणि १९९० मध्ये कंपनी विकली गेली तेव्हा घेणाऱ्यांत खाजगी धनिकांबरोबर राज्याचा निवृत्तिवेतन निधी आणि खुद्द कामगार भागीदार होते. संपकरी परत आत गेले. आनंद फार टिकला नाही. १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२१ मध्ये ती झेक देशातल्या एका कंपनीने विकत घेतली. निळा घुमट अजून उभा आहे, पण त्याखाली आता रिव्हॉल्वरे होत नाहीत.

तर आज जो माणूस पहिले रिव्हॉल्वर निवडायला जातो, त्याच्यासमोर हा सारा इतिहास काचेच्या कपाटात ओळीने मांडलेला असतो. फक्त खेळासाठी आणि शिकण्यासाठी घ्यायचे तर .२२ ची लहान गोळी उत्तम; ती स्वस्त, धक्का नगण्य, आणि नेम सुधारतो तो पुष्कळ गोळ्या झाडूनच. या आकारात रूगरने २०१९ मध्ये ‘रँग्लर’ हा स्वस्त नमुना काढला, त्यातही पट्टी आहे. रानात बाळगायचे तर .३५७ सोयीचे, कारण त्यात .३८ स्पेशलची सौम्य काडतुसेही चालतात. सराव हलक्या गोळीचा, गरज पडली तर भारी. नळी पाच इंचांच्या आत असावी, नाहीतर बसताना टोचते. निशाण वरखाली करता येणारे असेल तर वेगवेगळ्या गोळ्यांना नेम जुळवता येतो; पण बिनाहालचालीचे निशाण झुडपात अडकत नाही. वजन किलोभर धरावेच. हे सारे आपल्या सोयीप्रमाणे ठरवावे, त्यात मतभेदाला जागा आहे. घोड्याखालच्या घराबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. हातातल्या नगात पट्टी आहे की नाही हे दुकानातच विचारून घ्यावे, जुना नग असेल तर त्याचे साल पाहावे, आणि पट्टी नसेल तर पाच. ज्याला कोल्टचेच रूप आणि कोल्टचाच टणत्कार हवा, त्याने पाचचा नियम त्या किमतीत धरावा. कोल्टने त्या घडणीत आजवर ही पट्टी बसवलेली नाही.

जुन्या थाटाच्या सामन्यांचा जो संघ कॅलिफोर्नियात १९८७ मध्ये स्थापन झाला, त्यानेही ही भानगड सोडवून टाकली आहे. स्पर्धकाच्या हातात जुने कोल्ट असो की पट्टीचे रूगर, सामन्यात प्रत्येकाने पाचच भरायच्या आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा; सामना सुरू होण्यापूर्वी स्वतंत्र माणूस ते तपासतो. नियम आहे आणि तो पाळला जातो की नाही हे बघणारा माणूसही आहे, म्हणून मला या संघाचे कौतुक वाटते.

आणि रूगरच्या त्या फुकट दुरुस्तीची एक मौज राहिलीच. कारखाना नवी यंत्रणा बसवतो आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून मालकाला रिव्हॉल्वरसोबत परत पाठवतो. कारण संग्राहकांच्या बाजारात बदल न केलेल्या जुन्या नगाला भाव अधिक. काही मालक ती पिशवी जपून ठेवतात. आणि काही जण याच भावापायी आपले रिव्हॉल्वर कारखान्याकडे कधी पाठवतच नाहीत.